आधी निदान, मग किक

जगात जे जे सुरू होत नाही, त्यामागे तीनच कारणं असतात: पेट्रोल, ठिणगी आणि हवा. चौथं कारण नसतं. हा सिद्धान्त निदानकाकांनी मांडला, जन्मभर पाळला आणि ऐकणाऱ्याची इच्छा असो वा नसो, त्याला समजावून सांगितला. मोटरसायकल, अडकलेली फाइल, पुतणीचं न जमणारं लग्न, देशाची अर्थव्यवस्था, सगळ्यांना तो सारखाच लागू होता. इतका सुटसुटीत विचार मला पुढे जाडजूड पुस्तकांतही भेटला नाही. अडचण एवढीच होती, की काकांची स्वतःची मोटरसायकल दर आठवड्याला बंद पडायची आणि या तिन्हींपैकी एकही कारण तिला कधी लागू पडायचं नाही.

दिल्लीत आर. के. पुरमला आमचं क्वार्टर तळमजल्यावर होतं आणि काका-काकूंचं बरोबर आमच्या डोक्यावर. माझे वडील आणि काका दोघेही केंद्र सरकारच्या नोकरीतले; नातं शेजाराचं, पण मला ते पुतणीच म्हणत. मी तेव्हा नुकतीच एका कचेरीत अनुवादक म्हणून लागले होते आणि सरकारी हिंदीचं सरकारी इंग्रजी करून दोन्ही भाषांवरचा विश्वास हळूहळू गमावत होते. काका सेक्शन ऑफिसर होते. कुठल्या खात्यात, ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. खात्याचं नाव सांगताना त्यांनाही मधे एकदा श्वास घ्यावा लागे.

'निदानकाका' हे नाव त्यांना काकूंमुळे पडलं. काकूंचं कुठलंही वाक्य 'निदान'ने सुरू व्हायचं. निदान आज तरी वेळेवर निघा. निदान येताना दही तरी आणा. काकांचं उत्तरही ठरलेलं असे: "आधी निदान होऊ दे." एकाच शब्दावर दोघांचा संसार वर्षानुवर्षं चालला होता. अर्थ मात्र दोघांनी आपापले वेगळे ठेवले होते.

हिवाळ्यातल्या सकाळी आमच्या ब्लॉकचं अंगण धुक्यात बुडून जाई. कडुलिंबांचे शेंडे नाहीसे होत, समोरचा ब्लॉक नाहीसा होई, आणि कुठूनतरी, दिशा न कळता, स्कूटरला मारलेल्या लाथांचे आवाज येत. एक स्कूटर खोकायची, मग दुसरी, आणि भारत सरकार एकेक करून कामाला निघून जायचं. या सगळ्याच्या मध्यभागी काका वेताच्या मोढ्यावर बसलेले असत. गळ्यात मफलर, एका हातात चहाचा पेला, दुसरा हात मोटरसायकलच्या टाकीवर, वैद्याने नाडी पाहावी तसा. मी खिडकीतून पाहायचे तेव्हा मला ते एखाद्या तळ्याकाठी बसल्यासारखे वाटायचे. तळं दिसत नव्हतं एवढंच.

त्यांचा नियम होता: आधी निदान, मग किक. कारण सापडल्याशिवाय पाय उचलायचा नाही, आणि सापडल्यावर किक एकच. दुसरी किक मारणं म्हणजे आपल्याच निदानावर अविश्वास दाखवणं, असं ते मानत. तळमजल्यावरच आमच्यासमोर राहणारे चढ्ढासाहेब आपली स्कूटर आडवी करून, तिला मनसोक्त लाथा घालून, घामाघूम होऊन काकांपाशी थांबायचे. "काका जी, आज दफ्तर जाना है कि इसकी आरती उतारनी है?" काका शांतपणे म्हणायचे, "गाड़ी को जल्दी नहीं होती, चढ्ढासाहब. जल्दी हमको होती है." स्कूटर या वस्तूला ते वाहन मानतच नसत, फर्निचर मानत. माझ्या बिनगिअरच्या छोट्या दुचाकीला त्यांनी शिवणयंत्र असं नाव दिलं होतं. ते शिवणयंत्र रोज सकाळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं, याकडे त्यांनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं.

खरं शिवणयंत्र काकूंचं होतं. काकू एका शाळेत गणित शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात घरातल्या वस्तूंना कपडे शिवायच्या. रेडिओला अंगरखा, मिक्सरला घेरदार झगा, टेलिफोनला कुंची. मोटरसायकलच्या टाकीलाही त्यांनी तपकिरी रेक्झिनचं आवरण शिवलं होतं. पेट्रोलच्या झाकणावर बसणारी गोल टोपी त्यातच जोडलेली होती, आणि ती कडेने घट्ट बटणांनी बंद व्हायची. दिल्लीच्या थंडीत टाकी उघडी कशी ठेवायची, असा त्यांचा प्रश्न होता.

काकूंच्या हिंदीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे एका अख्ख्या घराच्या पाण्याचा घोळ त्यातूनच झाला. ती हिंदी अस्खलित होती, निर्भय होती आणि पूर्णपणे मराठी होती. गणिताला भाषा लागत नाही, असं त्या म्हणायच्या, आणि दिल्लीतली पोरं त्यांच्या हातून पास होत होती, तेव्हा असेलही. सगळ्यात जास्त गोंधळ 'खाली' या शब्दाने घातला. मराठीत खाली म्हणजे तळाशी. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. चढ्ढासाहेबांचं घर विचारत कुणी चुकून वर आलं, की काकू कठड्यावरून बोट दाखवून सांगायच्या, "चढ्ढाजी का घर खाली है." सरकारी वसाहतीत रिकाम्या घराची बातमी वणव्यासारखी पसरते. दोन कुटुंबं चढ्ढासाहेबांच्या स्वयंपाकघराची मापं घ्यायला येऊन गेली, तेव्हा त्यांनी हात जोडून काकूंना विनंती केली, की बहेनजी, मेरी बदली मत करवाओ. माझ्याबद्दलही त्या आल्या-गेल्याला "मंजू खाली है" असं सांगत. त्यामुळे माझी नोकरी गेली आहे आणि लग्नही जमत नाही, अशी हळहळ ब्लॉकभर पसरली होती. त्यातला दुसरा भाग खरा होता.

हळूहळू दिवस बदलायला लागले. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळे टेलिफोन बूथ आले, आणि ज्यांनी जन्मभर एकाच रंगाची स्कूटर पाहिली होती ते लोक मोटारींच्या रंगांवरून भांडू लागले. काका वर्तमानपत्र घडी करून म्हणाले, "देश चोक ओढून स्टार्ट केलाय. चोक कधी बंद करायचा, ते कुणाला माहीत आहे का बघ." हे वाक्य मी तेव्हा गंमत म्हणून ऐकलं. पुढे बऱ्याच विद्वानांचं याच विषयावर बरंच जास्त वेळ ऐकून घेतलं, पण त्यांनी याहून अधिक काही सांगितल्याचं आठवत नाही.

याच सुमारास कचेऱ्याकचेऱ्यांत घरांचं वारं शिरलं. जो तो यमुनेपलीकडे, गाझियाबादच्या बाजूला, कुठल्या ना कुठल्या सोसायटीत नाव घालत होता. जेवणाच्या सुट्टीत लोक डबा उघडण्याआधी नकाशे उघडत. काकांनी नाव घातलं नाही. ते निवृत्तीला आले होते, येत्या उन्हाळ्यात क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि जायचं कुठे, याचं त्यांचं निदान चालू होतं. कराडजवळच्या गावी भावाचं घर होतं. ते त्याबद्दल फार सुंदर बोलत. नदीवरून येणारा वारा, शेंगांचा वास, संध्याकाळी घंटा वाजवत परतणारी गुरं. दिल्लीत तेवढ्यात एखादी बस करकचून ब्रेक लावायची आणि ते थांबायचे. गावी जावं की इथेच राहावं? दोन्हींना कारण सापडत नव्हतं, म्हणून पाय उचलत नव्हता.

काकूंना मात्र घर हवं होतं. त्या फार बोलायच्या नाहीत, पण एकदा आमच्याकडे वाटी परत द्यायला आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून सरकारच्या भिंतींना खिळे ठोकतेय. ठोकतानाच वाटतं, हा काढावा लागणार. निदान एक भिंत तरी आपली असावी." गावाचं काय, असं मी विचारलं. तिथे मी पाहुणी असते, त्या म्हणाल्या, आणि आता या वयात पाहुणी म्हणून राहायचं तर चांगलं वागावं लागेल.

पुढे त्यांनीच एका सोसायटीचा पत्ता काढला. शेवटचे काही फ्लॅट उरले होते म्हणे. काकांना त्यांनी फक्त बघून येऊ म्हटलं. बघण्याला काकांची हरकत नव्हती. निदानाची सुरुवात बघण्यापासूनच होते. जानेवारीतल्या एका रविवारी दोघं मोटरसायकलवरून निघाले आणि त्यांच्या मागून मी. शिवणयंत्र बरोबर असू दे, असं काकाच म्हणाले होते. ही त्यांनी माझ्या गाडीला दिलेली एकमेव कबुली.

त्या दिवशी धुकं उशिरापर्यंत रेंगाळलं. पुलावरून जाताना यमुना दिसलीच नाही, नुसता खालून गारवा आला. पलीकडे गेल्यावर शहर विरळ होत गेलं, वीटभट्ट्या लागल्या, आणि मग अचानक दोन्ही बाजूंनी मोहरीची पिवळी शेतं उघडली. त्या पिवळ्यातून मधूनच इमारतींचे सांगाडे उभे होते. त्यांना भिंती नव्हत्या. मजल्यांमधून आभाळ दिसत होतं, आणि धुक्यात त्यांचे पाय बुडाल्यामुळे ते जमिनीला टेकलेले आहेत की नाहीत, हेही कळत नव्हतं. रस्त्याकडेला एका भल्यामोठ्या फलकावर कारंजं, हंस आणि युरोपातलं वाटावं असं एक कुटुंब रंगवलं होतं. फलकाखाली एक म्हैस बसली होती. चित्रात नव्हती ती फक्त तीच.

आणि तिथेच, सोसायटीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर, मोटरसायकल दोनदा धापा टाकून थांबली.

काकांनी गाडी स्टँडवर घेतली, हातमोजे काढले आणि एखाद्या समारंभाला बसावं तसे तिच्यासमोर उकिडवे बसले. पहिलं पेट्रोल. काकूंच्या आवरणाची बटणं सोडून त्यांनी झाकण उघडलं, आत डोकावले, गाडी हलकेच झुलवून आतला खळखळाट ऐकला. टाकी भरलेली होती. सकाळीच पंपावर थांबलो होतो. नळी काढून पाहिली, तर पेट्रोल व्यवस्थित येत होतं. मी प्लग काढायला घेतला. एव्हाना फाटकावरचा चौकीदार कांबळं पांघरून आमच्यापाशी येऊन उभा राहिला होता, आणि काकू थोड्या बाजूला जाऊन त्याच्याकडे पाण्याची चौकशी करत होत्या. त्याने मान वर करून फाटकाआतल्या एकमेव पुऱ्या झालेल्या इमारतीच्या माथ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाला, "टंकी तो खाली है जी."

काकांनी मोटरसायकलच्या टाकीवर हात ठेवला. "खाली कैसे? भरी हुई है. सुबह ही भरवाई है."

"सुबह?" चौकीदार चकित झाला. "किसने भरवाई?"

"मैंने," काका म्हणाले.

चौकीदाराने त्यांच्याकडे पाहिलं, कांबळं जरा सारखं केलं आणि नमस्कार केला. काकूंचा चेहरा उजळला होता. टाकी खाली आहे म्हणे, त्या मला म्हणाल्या, बरं झालं; वर असती तर उन्हाळ्यात पाणी तापलं असतं. खाली नाहीये गं, भरलेली आहे, काका गाडीमागून म्हणाले. भरलेली असेल तर उत्तमच, काकू म्हणाल्या. मला वाटलं, सगळे पेट्रोलबद्दल बोलतायत. काकांनाही तसंच वाटलं. आपण जमिनीखालच्या टाकीबद्दल बोलतो आहोत, असं काकूंना वाटलं. इमारतीवरची पाण्याची टाकी कोरडी ठणठणीत आहे, हे खरं बोलणारा एकटा चौकीदार होता, आणि त्याचाही आता त्यावर विश्वास उरला नव्हता.

राहिली ठिणगी. प्लग इंजिनाला टेकवून किक दाबली, की ठिणगी पडते की नाही ते दिसतं, पण एवढ्यात धुकं फाटून ऊन पडलं होतं आणि उन्हात ठिणगी दिसत नाही. शिवाय काकांना जवळचं धूसर दिसायला लागलं होतं, हे ते कबूल करत नसले तरी. काकूंनी आपली शाल काढली, गाडीशेजारी बसल्या आणि ती दोघांच्याही डोक्यावरून पांघरून घेतली. शालीच्या एका टोकातून इंजिन आत, दुसऱ्या टोकातून दोघांची पावलं बाहेर. किक दाबायचं काम माझ्याकडे होतं. त्या पिवळ्या शेतांच्या मधोमध, भिंती नसलेल्या इमारतींच्या समोर, दोन म्हातारी माणसं एका शालीखाली अंधार करून बसली आहेत, हे दृश्य अजूनही मला झोपेच्या काठावर कधीकधी दिसतं. तेव्हा आजूबाजूला सोसायटी नसते, दिल्ली नसते. नुसती शाल असते.

"मंजू, दाब," आतून काका म्हणाले. मी दाबली. "दिसली?"

"पुन्हा," काकू म्हणाल्या. मी पुन्हा दाबली. "हो. दिसली. निळी आहे."

मला वाटलं, आता बाहेर येतील. त्याऐवजी काकांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खूपच हलका. "सगळं ठीक आहे गं. तरी भीती वाटते. एवढं सगळं करून सुरूच नाही झाली तर?"

"नाही झाली तर ढकलू," काकू म्हणाल्या. "मी आहे, मंजू आहे. पण आता बस झालं निदान. मारा किक."

काका बाहेर आले तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते. त्यांनी प्लग बसवला. हवा अजून तपासायची राहिली होती. तिसरं कारण तसंच होतं. त्यांनी एकदा इमारतीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि तपासली नाही. एकच किक मारली. मोटरसायकल अशी सुरू झाली, जणू कधी बंद पडलीच नव्हती.

फाटकाच्या आत मांडव घातला होता. मांडवात सोसायटीचे सेक्रेटरी म्हणवणारे एक सुटाबुटातले गृहस्थ होते आणि त्यांच्यासमोर थर्मोकोलची सोसायटी मांडली होती. हिरव्या स्पंजची झाडं, काचेचा तलाव. काकांनी मफलर सारखा केला आणि उभ्यानेच, अत्यंत गंभीर हिंदीत, जाहीर केलं, की हमने सोच लिया है, हम यहीं रहेंगे. एखाद्या परराष्ट्राला मान्यता द्यावी तसा त्यांचा सूर होता. सेक्रेटरींनी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे, आणि बहुत अच्छा जी म्हणून चहा मागवला. काकू कपात बघत होत्या. परतताना पुलावर ऊन होतं आणि नदी दिसली. काका वाटेत कुठेतरी काहीतरी गुणगुणत होते, असं काकू नंतर म्हणाल्या. मला मागून फक्त त्यांचा मफलर उडताना दिसत होता.

उन्हाळ्यात ते राहायला गेले तेव्हा सोसायटीत माणसं कमी आणि खारी जास्त होत्या. पाणी नव्हतं. पाइपलाइन येणार होती, आणि येणार असलेल्या सगळ्या गोष्टींप्रमाणे तिचंही मोठ्या उत्साहाने उद्घाटन झालं होतं. घोटाळा उलगडला तो चौकीदारामुळे. त्याने काकांना गाठून अदबीने विचारलं, की साब, आपने कहा था सुबह भरवाई है, हम तो रोज देखते रहे. काका त्या दिवशी बराच वेळ गच्चीत उभे होते, असं काकूंनी सांगितलं. मग खाली उतरून त्यांनी दोन मोठे कॅन आणले, मोटरसायकलला दोन्ही बाजूंना बांधले आणि शेजारच्या गावातल्या ट्यूबवेलवरून पाणी आणायला सुरुवात केली.

हे त्यांनी लाइन येईपर्यंत रोज केलं. मी रविवारी जायचे तेव्हा ते कॅन घेऊन परतत असत, सावकाश, पाणी हिंदकळू नये म्हणून. मी एकदा म्हटलं, टँकरवाल्याला सांगू या. ते म्हणाले, "नको. आयुष्यात एकदाच हवा न तपासता किक मारली, मंजू. त्याचं पाणी मीच भरलं पाहिजे." ते विनोद करत नव्हते. त्या घराची सगळी जबाबदारी त्यांनी त्या एका किकवर घेतली होती, आणि मला वाटतं, त्यामुळेच ते घर त्यांचं झालं. गावच्या नदीवरच्या वाऱ्याबद्दल ते नंतर क्वचितच बोलले. सकाळी ट्यूबवेलच्या धारेखाली मोहरीच्या वासाची हवा कशी असते, त्याबद्दल मात्र फार सुंदर बोलत.

मोटरसायकलचं खरं कारणही याच काळात सापडलं. करोल बागेतल्या एका दुकानात ती तेलपाण्याला दिली होती. तिथल्या माणसाने टाकीवरचं आवरण काढून बाजूला ठेवलं आणि गाडी दिवसभर चालवून पाहिली; ती एकदाही थांबली नाही. पेट्रोलच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. त्यातून टाकीत हवा जाते, म्हणून पेट्रोल खाली उतरतं. काकूंच्या घट्ट बटणांच्या टोपीने ते भोक इतकी वर्षं बुजवलेलं होतं. निदान करायला काका झाकण उघडायचे, हवा आत जायची आणि गाडी बरी व्हायची. तपासणी हाच उपचार होता. मी हे ऐकून हसत सुटले. काकांनी शांतपणे आवरण उचललं, झटकलं, पुन्हा टाकीवर चढवलं आणि एकेक बटण लावलं. "हवाच ना शेवटी? तिनांतलंच कारण आहे," ते म्हणाले. आणि थोडं पुढे गेल्यावर, "घरी काही बोलू नकोस. तिने मापाचं शिवलंय." त्यानंतर ते वाटेत अधूनमधून थांबायचे, टोपी उघडायचे, जरा वेळ शेतांकडे बघायचे, टोपी लावायचे आणि पुढे निघायचे.

मग शेतं गेली. एकेका हिवाळ्यात धुकं विरलं की नव्या इमारती उभ्या दिसत, जणू रात्रीतून उगवल्यासारख्या. रस्ते आले, दुकानं आली, हंसांच्या फलकावर मोबाइल फोन आले. काकांनी मोटरसायकल चालवणं सोडलं, पण सकाळी मोढा घेऊन तिच्याजवळ बसणं सोडलं नाही. एका डिसेंबरात दुपारी गॅलरीतल्या उन्हात बसले असताना ते गेले. काकू आत भाजी निवडत होत्या. बोलावलं तर उत्तर आलं नाही, आणि त्यांना वाटलं, विचार करत असतील.

सोसायटीने शोकसभा घेतली. अध्यक्षांनी काकांचा उल्लेख या वसाहतीचे द्रष्टे आद्य रहिवासी असा केला आणि त्यांच्या दूरदृष्टीबद्दल इतकं सांगितलं, की मला क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलो आहोत. पण काकू स्थिर बसल्या होत्या, पांढऱ्या साडीवर तीच शाल. सगळे पांगल्यावर मी त्यांच्याबरोबर वर गेले. भिंतींवर खिळेच खिळे होते. काहींना तर काहीच टांगलेलं नव्हतं. चहा पिताना मी म्हटलं, की काकू, अध्यक्ष काही का म्हणेनात, काकांनी ते धाडस केलं हे खरं. जन्मभर कारण शोधणाऱ्या माणसाने त्या रविवारी शालीतून बाहेर येऊन किक मारली, म्हणून हे घर झालं.

काकूंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिलं.

"घर मी आधीच्या मंगळवारी घेतलं होतं गं, शाळा सुटल्यावर," त्या म्हणाल्या. "रविवारी ते नुसतं बघायला उघडं असायचं."